वऱ्हाडांतील माडीची पाटई व जमिनीची ओल

वऱ्हाडांतील जुन्या वाड्यांविषयीं आजवर जें थोडेंबहुत लिहिलें गेलें आहे, त्यांत गढीचे बुरूज, दिंडीदरवाजा आणि दिवाणखान्याचे कोरीव खांब यांस पुष्कळ जागा मिळालेली आहे. पायाखालच्या फळीकडे मात्र लेखकांचें लक्ष क्वचितच गेलेलें दिसतें. आणि ज्यांचें गेलें त्यांनीं, मेळघाट जवळ म्हणून साग सुलभ, घरधनी संपन्न, म्हणून माडीस लांकडी जमीन, असें सांगून विषय तेथेंच आटोपला. हें कारण खोटें नाहीं, पण अपुरें आहे. सागाची सुलभता हेंच जर सर्व कारण असतें, तर ज्या घरधन्यानें माडीस एवढें लांकूड वाहिलें त्यानें तळमजल्याची ओसरी, माजघर व देवघर हींहि फळ्यांनीं मढविलीं असतीं. तसें त्यानें केलें नाहीं. तळमजला मातीचा अथवा फरशीचा आणि लांकूड वरच्या मजल्यास, हा भेद इतका नेमानें आढळतो कीं त्याच्या मुळाशीं कांहीं हिशेब असला पाहिजे. तो हिशेब ओलीचा आहे, आणि ज्यांच्या घरीं जुनीं दफ्तरें व पोथ्या आहेत त्यांच्याशीं त्याचा अगदीं निकटचा संबंध आहे, असें आमचें मत आहे. तें येथें सकारण मांडण्याचा विचार आहे.

वऱ्हाड हा कोरडा मुलूख; तेथें ओलीचा एवढा बाऊ कशाला, अशी शंका कोंकणांतील वाचकास येईल. अकोला व अमरावती यांच्या मैदानी भागांत वर्षाचा पाऊस सामान्यतः ३० ते ३५ इंच. रत्नागिरीस तो १०० इंचांच्या पलीकडे जातो. परंतु लांकूड वर्षाची सरासरी जाणत नाहीं. तें त्या त्या दिवसांच्या हवेंतून पाणी घेतें किंवा हवेस पाणी देतें. वैशाखांत अकोल्यास दुपारचें उष्णमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर जातें आणि हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा २० च्या आसपास उतरते. श्रावणांत तीच आर्द्रता ८० च्या घरांत जाते व झड लागली म्हणजे दिवसचे दिवस खालीं येत नाहीं. कोंकणांतील फळी बारा महिने थोडीफार फुगलेलीच असते, त्यामुळें तिची हालचाल बेताची. वऱ्हाडांतील फळी वर्षांतून एकदां भाजली जाते व एकदां भिजविली जाते. भारतीय मानकांत इमारती लांकडाच्या ओलाव्याचें प्रमाण ठरवितांना देशाचे सरासरी आर्द्रतेवरून चार विभाग पाडलेले आहेत. सामान्य व्यवहारास तें पुरेसें आहे, परंतु वऱ्हाडसारख्या टोकाच्या ऋतूंच्या मुलखांत सरासरीवर विसंबणारा सुतार फसल्याशिवाय राहणार नाहीं.

येथें थोडा हिशेब देणें अवश्य आहे. वर सांगितलेल्या दोन टोकांच्या हवेंत लांकडांतील पाण्याचा अंश अनुक्रमें शेंकडा ५ व शेंकडा १५ यांच्या आसपास स्थिरावूं पाहतो. साग हें इतर बहुतेक जातींच्या मानानें कमी हालणारें लांकूड; तरी तें हिरवें असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत गाभ्याकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेनें, शेंकडा सुमारें अडीच, आणि वलयांच्या स्पर्शदिशेनें शेंकडा पांच ते सहा आक्रसतें. लांबींत हा फरक नगण्य असतो. आतां पांच फुटांचा एक खण घ्या, त्यांत स्पर्शदिशेनें कापलेल्या फळ्या वैशाखांत एकमेकींस घट्ट भिडवून बसवा. लांकूड हवेच्या पूर्ण बरोबरीस आलें तर श्रावणापर्यंत त्या रुंदींत जवळजवळ एक इंचाची वाढ होईल. त्या इंचास जागा नसली म्हणजे फळी मधोमध कमानीसारखी उचलते, खिळे उपटते, नाहींतर भिंतीस रेटा देते. उलट श्रावणांत घट्ट बसविलेली फळी होळीनंतर फटी सोडूं लागते. त्रिज्येच्या दिशेनें, म्हणजे वलयें उभीं राहतील अशा रीतीनें, चिरलेली फळी याच्या निम्म्यानेंच हालते. परंतु तशा चिरणीस जाड खोड लागतें व लांकूड वायां पुष्कळ जातें.

हवेचें हें झालें. जमिनीचें प्रकरण याहून बिकट आहे. वऱ्हाडची काळी माती पाणी मिळतांच फुगते आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगांनीं फाटते. म्हणून आपल्या पूर्वजांनीं गांव काळीवर वसविलें नाहीं, पांढरीवर वसविलें. काळी म्हणजे शेत व पांढरी म्हणजे गांवठाण, हा अर्थ जुन्या कागदांच्या वाचकांस नवा नाहीं. वतनदारांच्या हक्कांच्या याद्यांत हे शब्द जोडीनें येतात. आपण ते जमाबंदीचे शब्द म्हणून वाचतों, परंतु घर कोठें उभें राहील व कोठें राहणार नाहीं हा व्यवहारहि त्यांत सांठविलेला आहे. देशमुखाची गढी तर पांढरीच्याहि वर, उंचवट्यावर. गढीची उंची पेंढाऱ्यांच्या भयामुळें, असें म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तें भय खोटें नव्हतें. अमरावतीच्या परकोटाचें काम १८०७ सालीं सुरू झालें तें त्याच भयानें. पण पेंढारी येवो न येवो, पाऊस दर वर्षीं येत होता, आणि उंच जोत्याचा उपयोग त्याच्याविरुद्ध रोजचा होता. गढीकडे केवळ लष्करी दृष्टीनें पाहण्याची जी संवय आपणांस लागली आहे ती थोडी सोडावी, असें आम्हांस वाटतें.

त्यांतून पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा. अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर या बाजूस विहिरीचें पाणी खारट लागतें हें सर्वश्रुत आहे. हें खारें पाणी मातीच्या व विटांच्या भिंतींतून वर चढतें, वाऱ्यानें उडून जातें आणि मागें क्षार ठेवतें. भिंतीस लोणा लागला, असें लोक म्हणतात तो हाच. लोणा लागलेली भिंत पुढें जमिनीच्या ओलीची वाट पाहत नाहीं; क्षार पावसाळी हवेंतलें पाणी आपणच ओढून घेतात. ही ओल सामान्यतः कमरेइतकी, कधीं छातीइतकी चढते. तळमजल्याच्या भिंतींतील कोनाडा व फडताळ हीं बहुधा याच उंचीवर असतात, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

बाळापूरचें उदाहरण या संबंधांत मोठें बोलकें आहे. मन व म्हैस या नद्यांच्या संगमाजवळचा तेथील किल्ला एलिचपूरच्या नबाबांपैकीं इस्माइलखान यानें १७५७ सालीं पुरा केला. पावसाळ्यांत एक बाजू वगळतां तो पाण्यानें वेढला जाई, असें जुन्या वर्णनांतून आढळतें. आणि याच गांवचा बाळापुरी कागद एके काळीं महाराष्ट्रांत नांवाजलेला होता. ज्या नदीच्या पाण्यावर लगदा कुटावा, तिच्याच ओलीपासून तयार झालेला ताव वांचवावा, असा तो उद्योग. कागद्यांनीं आपला माल कोठें ठेवला असेल याचा विचार केला तर उत्तर वरच्या बाजूस शोधावें लागतें.

आतां पाटईची रचना पाहूं. आमच्या वाड्यांचा भार मुख्यतः भिंतींवर नसतो. तो खांब, हस्त व तुळया यांच्या सांगाड्यावर असतो, आणि भिंती या सांगाड्याच्या पोटांत भरलेल्या असतात. खांब मातींत पुरलेला नसतो; तो दगडी तळखड्यावर उभा असतो. ही गोष्ट डोळ्यांखालून रोज जाते म्हणून क्षुल्लक वाटते, परंतु पुढचें सर्व तिच्यावर अवलंबून आहे. तळखड्यानें जमिनीची ओल लांकडापासून तोडली. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर सुमारें हातभर अंतरानें कड्या, आणि कड्यांवर आडव्या फळ्या, हा कडीपाटाचा क्रम. याच्या कोणत्याहि पायरीवर लांकडास माती लागत नाहीं, आणि फळीच्या खालच्या अंगास तळमजल्याची हवा मोकळी लागते. कडीचें टोंक भिंतींत शिरतें तेवढी एक जागा धोक्याची. तेथें टोंकाभोंवतीं थोडी पोकळी सोडली असेल तर कडी टिकते. मागाहून कोणीं ती चुन्यानें बुजवून 'दुरुस्ती' केली असेल तर बाकी कडी शाबूत असतां टोंक तेवढें कुजतें. पाटई बसली, असें घरांतली माणसें म्हणतात तेव्हां बहुधा फळी दोषी नसते, हें टोंक असतें. शिवाय काळ्या मातीच्या फुगवट्यानें जोतें किंचित् हाललें तरी सांगाडा सांध्यासांध्यांत थोडा वळून तें सोसतो. भिंतीवर सर्व भार असलेल्या घरास ती सोय नाहीं.

माडीची जमीन दोन तऱ्हेची असते. एकींत फळी उघडी असते व तींवर बिछायत पडते. ही दिवाणखान्याची रीत. दुसरींत फळीवर अथवा किलचणीवर गवत, तुराट्या किंवा पऱ्हाट्या यांचा थर, त्यावर चोपलेली माती, आणि वर शेणामातीचें सारवण. ही दुसरी रीत गरिबीची व पहिली श्रीमंतीची असें समजलें जातें. आमच्या मतें ओलीच्या दृष्टीनें दुसरी रीत अधिक शहाणपणाची आहे. मातीचा थर श्रावणांत हवेंतलें पाणी स्वतः घेतो व वैशाखांत तें हळूहळू सोडतो, त्यामुळें खालच्या फळीस दोन्ही ऋतूंचीं टोंकें लागत नाहींत. दर आठ-पंधरा दिवसांनीं घातलेलें सारवण भर उन्हाळ्यांत माती अगदीं भाजूं देत नाहीं. गृहिणीचा हात येथें सुताराच्या कामास पुरवणी जोडतो, हें कोणत्याहि वास्तुग्रंथांत लिहिलेलें नसलें तरी खरें आहे.

मधल्या गवताचें प्रयोजन काय, हा प्रश्न कोणासहि पडेल. त्याचें उत्तर दूरच्या एका ग्रंथांत अनपेक्षितपणें सांपडतें. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील रोमन वास्तुकार विट्रूव्हियस यानें आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागाच्या आरंभीं जमिनींचाच विचार केला आहे. लांकडी कड्यांवर चुन्याची जमीन करावयाची असेल तर फळ्यांवर आधीं नेचा अथवा गवताचा पेंढा पसरावा, म्हणजे चुन्याची बाधा लांकडास होत नाहीं, असें तो सांगतो. वेगवेगळ्या जातींच्या फळ्या मिसळूं नयेत, कारण त्या ओलावा व कोरड यांनीं निरनिराळ्या वांकतात, आणि प्रत्येक कडीवर फळीच्या दोन्ही कडांस खिळा मारावा, असेंहि त्याचें म्हणणें आहे. वऱ्हाडच्या सुतारानें विट्रूव्हियस वाचला होता असें आम्ही अर्थातच म्हणत नाहीं. लांकूड व ओल यांचा स्वभाव तिबर नदीच्या कांठीं व पूर्णेच्या कांठीं एकच असल्यामुळें दोघांस एकच तोड सुचली, एवढेंच.

मग तळमजल्यास फळी कां नाहीं, याचें उत्तर आतां निराळें द्यावयास नको. लांकडांतील पाणी शेंकडा २० च्या वर गेलें व तसेंच राहिलें म्हणजे त्यावर कुजविणारी बुरशी पोसते. काळ्या जमिनीवर टाकलेली फळी पावसाळ्याचे चार महिने या मर्यादेबाहेर असते, आणि ज्या दिवसांत बुरशी थांबते त्या दिवसांत उधई लागते. सागाचा गाभा दोहींसहि दाद देत नाहीं हें खरें. पण गाभ्याबाहेरील पांढऱ्या भागास तो गुण नाहीं, आणि फळीच्या एका कडेस तो भाग थोडा तरी राहून जातो. मेळघाटांतील कोरकू लोकांची गोष्ट येथें लक्षांत घ्यावी. ते सागाच्या अरण्यांतच राहतात. घराचे खांब व वासे लांकडाचे करतात. तरी घराची जमीन मातीचीच सारवतात. चिखलदरा हें ठिकाण १८२३ सालीं कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलें व पुढें तेथें बंगले झाले. मैदानाच्या जवळजवळ दुप्पट पाऊस व श्रावणांत खोलींत शिरणारें धुकें अशा त्या जागीं लांकडी जमिनीचा प्रश्न मैदानाहूनहि नाजूक होतो, आणि खालून वारा खेळविल्याखेरीज तो सुटत नाहीं.

लांकडास तेल देण्याची चाल जुनी आहे. वऱ्हाडांत जवस मुबलक, तेव्हां जवसाचें तेल. आणि उधईसाठीं बिब्ब्याचें. बिब्ब्याचें तेल अंगावर उततें, म्हणून तें काम जपून करावें लागतें, पण उधईवर त्याचा उपयोग चांगला होतो. तेलानें पाणी आंत शिरणें बंद होतें असा समज आहे. तो बरोबर नाहीं. तें शिरण्याचा वेग कमी होतो, म्हणून एखाददुसऱ्या झडीनें फळी फुगत नाहीं. चार महिन्यांच्या पावसाळ्यापुढें त्याचें चालत नाहीं. पोथ्या ठेवणाऱ्यांनीं तर एक गोष्ट विसरूं नये. पोथीच्या शेवटीं लेखक तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून तिचें रक्षण करण्याची विनवणी करतो. त्यांत तेल पहिलें आहे. तेव्हां तेल दिलेल्या फळीवर रुमाल उघडा टाकणें म्हणजे एका शत्रूपासून सोडवून दुसऱ्याच्या हातीं देणें होय.

हें आम्हीं विस्तारानें लिहिलें याचें कारण आतां सांगतों. कागदावर बुरशी धरण्यास हवेची आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० च्या वर सतत असणें पुरे होतें. काजळाची शाई काळानें फिकी पडत नाहीं, पण ओल लागली तर पसरते व पानास पान चिकटतें. वऱ्हाड हा ग्रंथांचा मुलूख आहे. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर हें महानुभावांचें पीठ. गोविंदप्रभूंच्या सान्निध्यांत तेथें जमलेल्या शिष्यवर्गानें मराठीचें आद्य गद्य दिलें, आणि त्या पंथाच्या सकळ, सुंदरी इत्यादि लिपींतील पोथ्या पुढें शेंकडों वर्षें हस्तलिखितरूपानेंच नांदल्या. पूर्वीं अकोला जिल्ह्यांत असलेलें व १९९८ पासून वाशिम जिल्ह्यांत मोडणारें कारंजा हें जैन ग्रंथभांडारांचें गांव. तेथील ग्रंथांची नोंद रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखितसूचींत १९२६ सालीं आली आणि अपभ्रंश वाङ्मयाच्या अभ्यासास नवा आरंभ झाला. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांतील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनीं पुष्पदंताचें 'णायकुमारचरिउ' १९३३ त व कनकामराचें 'करकंडचरिउ' १९३४ त कारंजाच्या ग्रंथमालेंत संपादून काढलें. त्याच गांवच्या काष्ठासंघाच्या मंदिरांतील कोरीव लांकूडकाम प्रेक्षणीय आहे. लांकूड व ग्रंथ दोन्ही जेथें जपलीं गेलीं असें हें स्थळ.

जपलीं गेलीं तीं कशीं? दिगंबरांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी पाळतात. त्या दिवशीं ग्रंथ बाहेर काढून झाडतात, पुसतात, नवीं वेष्टनें चढवितात. वऱ्हाडांत मृगाचा पाऊस याच सुमारास येतो. वैशाखाच्या उन्हांत पुरतीं वाळलेलीं पानें पावसाच्या उंबरठ्यावर घट्ट वेष्टनांत बांधलीं जातात. याहून योग्य दिवस आजच्या रसायनशास्त्रज्ञासहि निवडतां येणार नाहीं. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिकांत येते, म्हणजे पावसाळा उलटल्यावर. धर्मकृत्याचें फळ भाविकांनीं जाणावें. ग्रंथरक्षणाचें फळ आपणांसमोर आहे. जपानांत नारा येथील शोसोइन हें आठव्या शतकांतील लांकडी कोठार याच प्रकारचें आहे. त्याची जमीन खांबांवर सुमारें ९ फूट उचललेली आहे, आणि आंतील कागद, वस्त्रें व वाद्यें बाराशें वर्षांहून अधिक काळ टिकलीं. कोठाराच्या भिंतींचे ओंडके फुगून-आक्रसून हवा आवरतात असें पूर्वीं सांगत. पुढील तपासणींत असें दिसलें कीं मोठा वांटा ज्या सुरूच्या जातीच्या लांकडी पेट्यांत वस्तू ठेवल्या होत्या त्या पेट्यांचा आहे. आमच्या माडीवरील सागवानी पेटी, तींत रुमाल, आणि रुमालांत दफ्तर, ही तीच योजना लहान प्रमाणांत होय.

१८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. लोहमार्ग खानदेशांतून अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ त नागपुरास पोंचला, आणि पुढें शहाबादी फरशी गाडीनें येऊं लागली. तळमजल्यास फरशी बसली. तें चांगलेंच झालें. नंतर सिमेंट आलें, आणि वाईट तें येथून सुरू झालें. सिमेंटनें मढविलेल्या जमिनीखालची ओल वर येऊं शकत नाहीं म्हणून ती बाजूस भिंतींत शिरते, आणि पूर्वीं कमरेपर्यंत असलेला लोणा डोक्यापर्यंत चढतो. मातीची सारवलेली जमीन ही ओल सगळ्या अंगानें थोडीथोडी सोडीत असे. मेळघाट १९७३–७४ सालीं व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आला तेव्हांपासून तेथील जुन्या जाड खोडांचा साग दुर्मिळ झाला. साहजिकच जुन्या पाटईच्या फळ्यांस बाजारांत मोल आलें. वाडे उतरूं लागले. वाडा उतरतांना माडीवरचें दफ्तर तात्पुरतें म्हणून तळमजल्यावर येतें, कोनाड्यांत अथवा लोखंडी कपाटांत भिंतीस टेकून ठेवलें जातें, आणि दोन-चार पावसाळ्यांनीं कोणी अभ्यासक तें मागावयास जातो तेव्हां रुमालाच्या जागीं विटेसारखा गठ्ठा हातीं येतो. फळ्या विकणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं; घर मोडतें तें बहुधा अडचणीनें मोडतें. पण दफ्तर वरून खालीं आलें त्या दिवशीं त्याचें आयुष्य घटलें, एवढें तरी त्यांस कोणीं सांगावें.

अलीकडे अमरावती व अकोला येथील नव्या घरांतून पुन्हां लांकडी जमिनी होऊं लागल्या आहेत, आणि त्या तळमजल्यावरहि होतात. परदेशी ओक अथवा भट्टींत वाळविलेला साग बांधून येतो व दुसऱ्या दिवशीं बसविला जातो. जुन्या सुतारानें यास मान्यता दिली नसती. फळ्या ज्या खोलींत बसावयाच्या तेथेंच कांहीं आठवडे सुट्या रचून ठेवाव्या. कार्तिक-मार्गशीर्षांत, हवा दोन टोंकांच्या मध्यावर असतां, लांकडांतील पाण्याचा अंश शेंकडा ९ ते ११ झाला म्हणजे बसवाव्या. भिंतीलगत अर्धा इंच जागा चारी बाजूंनीं सोडून ती पट्टीखालीं झांकावी. कॉंक्रीटच्या थरावर घाई करूं नये. एक इंच जाडीस सुमारें एक महिना वाळावयास लागतो, पावसाळा मध्यें आल्यास अधिक. त्या थरावर ओल रोखणारा पडदा, त्यावर आडव्या पट्ट्या व खालून वाऱ्यास वाट, म्हणजे थोडक्यांत माडीची पाटईच खालीं आणावी. आणि एक शत्रू पूर्वजांस ठाऊक नव्हता. वाळ्याचे पडदे तेहि भिजवीत, पण आज वऱ्हाडांत घरोघर पाण्याचा कूलर चैत्रापासून अहोरात्र चालतो. ज्या ऋतूंत लांकूड व कागद वाळावयाचे त्याच ऋतूंत बंद खोलींतील आर्द्रता दुप्पट-तिप्पट होते. कूलरच्या तोंडाशीं फळी फुगून उभी राहिल्यावर लोक सुतारास बोलावतात. पोथ्यांची खोली तरी त्या वाऱ्यापासून दूर असावी.

जुनी पाटई उतरविण्याची वेळ ज्यांच्यावर येईल त्यांच्याजवळ आमची एक मागणी आहे. फळीचें खालचें अंग हें कागदाइतकेंच वाचण्यासारखें असतें. तासणीचे उथळ घाव, हातकरवतीच्या सरळ रेघा आणि यंत्राच्या गोल करवतीच्या वांकड्या रेघा यांवरून कामाचा काळ ढोबळपणें ठरतो. क्षारांची पांढरी रेघ व पाण्याचे डाग यांवरून छत केव्हां व कोठें गळलें तें कळतें. सागाचीं वार्षिक वलयें स्पष्ट असतात, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं मध्य भारतांतील सागाच्या अशा वलयांवरून जुन्या पर्जन्यमानाचा शोध घेतलेला आहे. सालीजवळचा पांढरा भाग शिल्लक असलेली एखादी जाड कडी मिळाली तर झाड कोणत्या वर्षीं तुटलें याच्या पुष्कळ जवळ जातां येईल. ज्या वाड्याची सनद नाहीं, बांधणीचा ताळेबंद नाहीं, त्याचा काळ सांगणारा हा एकच कागद होय. म्हणून प्रत्येक फळी उतरवितांना तिच्या खालच्या अंगास खडूनें मजला, खण व भिंतीपासूनचा अनुक्रम लिहावा, कड्यांचीं टोंकें तोडून जाळूं नयेत, आणि विक्री ठरलीच असेल तर प्रत्येक खणांतील निदान एक कडी, पांढऱ्या भागासह, पुढच्या पावसाळ्यापूर्वीं कोरड्या जागीं उचलून ठेवावी.